उकळीची वीस मिनिटे

मी एक जुना सुया उकळायचा डबा आहे. लांबी दीड वीत, दोन्ही बाजूंना कड्या, वर घट्ट बसणारे झाकण आणि पोटात भोकाभोकांची एक जाळी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा डबा पाहिलाही नसेल. आता पिचकारी कागदी पाकिटातून येते आणि एकदा टोचून झाले की ती टाकून देतात. माझ्या काळी पिचकारी काचेची असे. एका मुलाला टोचली की ती धुऊन, उकळून पुढच्या मुलासाठी घ्यायची. ते उकळायचे काम माझे.

माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीत पाच मुले जातात. तरीही ती तुम्ही ऐकावी, असे मला वाटते.

सांगलीजवळ कुपवाडला एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादाच्या पत्र्याचा एक तुकडा साच्याखाली गेला आणि मोठ्या दणक्याने मला पोट मिळाले. एका कामगाराने मला पाण्याने भरून उन्हात ठेवले. कुठून थेंब गळत नाही, हे पाहून त्याने माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. मग दहा भावंडांबरोबर खोक्यात बसून मी जीपने जत तालुक्यातल्या एका गावी आलो. त्या गावाचे नाव मी सांगणार नाही. तिथली माणसे अजून आहेत आणि त्यांनी पुरेसे सोसले आहे.

गावाला दोन खोल्यांचे आरोग्य उपकेंद्र होते. पहिल्या नर्सबाई मला राखेने घासून लख्ख ठेवत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या झाकणात आपला चेहरा पाहिला आणि बाईंची पाठ थोपटली. मला वाटले, आपली पाठ थोपटली. चकाकणे म्हणजे स्वच्छ असणे, असे तेव्हा मीही समजत होतो.

१९९१ साली त्या बाई निवृत्त झाल्या आणि संयोगिता सिस्टर आल्या. वय सव्वीस. माहेर आष्ट्याचे, घरची उसाची शेती, नवरा फौजेत आणि वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. बारमाही पाण्याच्या मुलखातून आलेल्या त्या बाई पहिल्या दिवशी टँकरपुढची घागरींची ओळ बघत नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. केंद्रात त्यांच्या हाताखाली अंबूबाई होती. पन्नाशीची, विधवा, निम्मी मराठी आणि निम्मी कानडी बोलणारी. पाणी भरणे, स्टोव्ह पेटवणे, मुलांना धरणे ही सगळी कामे ती करी. टँकरचे पाणी इतके जड की महिन्याभरात माझ्या पोटात पांढरा थर बसे. अंबूबाई तो चिंचेने खरवडून काढी.

नियम सगळ्यांना पाठ होता. पाण्याला खळखळून उकळी फुटली की तिथून पुढे वीस मिनिटे मोजायची. एका मुलाला एक सुई आणि एक पिचकारी. पण केंद्रात पिचकाऱ्या होत्या आठ. टोचायच्या दिवशी मुले येत पंचवीस-तीस. म्हणजे मी चार वेळा स्टोव्हवर चढायला हवे होते. स्टोव्हला रॉकेल लागे आणि रॉकेलचा डबा कधी वेळेवर येत नसे. पहिली उकळी संयोगिता सिस्टर नेमाने वीस मिनिटे देत. दुसरी दहा मिनिटांवर येई, तिसरी पाचवर. बाहेर उन्हात बायका ताटकळत, मुले रडत. कोणी तरी विचारी, बाई, अजून किती वेळ? मग शेवटच्या मुलांच्या वेळी पिचकाऱ्या नुसत्या गरम पाण्यातून काढल्या जात. त्यात आळस नव्हता. त्या दिवशी बाईंच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नसे. पण जंतूंना हे कोण सांगणार?

१९९३च्या मे महिन्यातला असाच एक दिवस. सव्वीस मुले आली. केरबा नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको दुपार टळल्यावर पोचले. त्यांची मेंढरे दूरच्या रानात बसली होती. तिथून ती दोघे पाच कोस चालत आली होती. बायकोच्या खांद्यावर चार महिन्यांची मुलगी होती. आजीचे नाव ठेवलेली, बया. स्टोव्ह विझला होता. माझ्यातले पाणी कोमट झाले होते. संयोगिता सिस्टरांनी एकदा स्टोव्हकडे आणि एकदा त्या दोघांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिले. परत कसे पाठवायचे? त्यांनी पिचकारी कोमट पाण्यातून काढली, लस भरली आणि बयाच्या मांडीत टोचली. ती पिचकारी माझ्यातूनच गेली होती. मी तिला स्वच्छ केले नव्हते.

नवव्या दिवशी केरबा मुलीला घेऊन धावत आला. मांडी लिंबाएवढी सुजली होती, अंग तव्यासारखे तापले होते. आरोग्य केंद्राच्या जीपमधून तिला सांगलीला नेले. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको परतले, तेव्हा त्यांच्याजवळ मुलगी नव्हती.

नोंदवहीत मरणाचे कारण लिहायचे होते. संयोगिता सिस्टरांनी बराच वेळ पेन धरून ठेवले आणि मग एकच शब्द लिहिला. ताप.

पंधरा दिवसांनी केरबा पुन्हा आला. त्याने फेट्यातून लशीचे कार्ड काढले आणि टेबलावर ठेवले.

"बाई, ह्यात फुडची तारीख घातल्याली हाय. आता ह्येचं काय करायचं?"

सिस्टरांनी कार्ड हातात घेतले. केरबा उंबऱ्यावर बसला. आपली चूक कबूल केल्यासारखा खाली बघत म्हणाला, "लवकर आल्याल्यांच्या पोरांस्नी काय झालं न्हाई. आमी लय मागनं आलो. म्हनून झालं का वो असं?"

तो बिचारा स्वतःला दोष देत होता. पण त्याच्या तोंडून जे निघाले, ते संयोगिता सिस्टरांच्या मनात रुतून बसले. तो गेल्यावर त्यांनी टोचणीची वही उघडली. मुले ज्या क्रमाने येत, त्याच क्रमाने त्यांची नावे लिहिलेली असत. बयाचे नाव पंचविसावे होते.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरोघर हिंडू लागल्या. गेल्या वर्षभरात ज्यांना ज्यांना टोचले होते, त्या प्रत्येक मुलाच्या आईला त्या विचारीत. गाठ आली होती का? पिकली होती का? कोणी फोडली? मुलाच्या मांडीवरचा वण स्वतः पाहत आणि शंभर पानी वहीत लिहीत. संध्याकाळी त्या वहीतली नावे त्या अंबूबाईला वाचून दाखवत. शेल्फावर बसून मीही ती ऐके. एकूण एकशे ब्याण्णव मुले. त्यांतल्या एकवीस जणांच्या मांडीत पू झाला होता. बायकांनी हळद लावली होती, पोटीस बांधले होते, न्हाव्याकडून फोडून घेतले होते. उपकेंद्रात येऊन कोणी काही बोलले नव्हते. सुई टोचली की असे व्हायचेच, असे त्यांना वाटत होते.

मग सिस्टरांनी एकवीस नावांपुढे रांगेतला आकडा लिहिला. पहिल्या आठांमध्ये एकही मूल नव्हते. दुसऱ्या आठांमधली चार होती. उरलेली सतरा त्यानंतरची. आणि रांगेत मागे कोण असते? लांबच्या वस्तीवरचे, मेंढरांमागे हिंडणारे, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊन मग येणारे. संयोगिता सिस्टरांनी वही मिटली आणि अंबूबाईपुढे मन मोकळे केले. म्हणाल्या, या एकवीस जणांना मी आजार टोचला.

अंबूबाईने त्यांचे सांत्वन केले नाही. तिने अंगणात तीन दगड मांडले, बाभळीची लाकडे आणली आणि मला त्यावर चढवले. रॉकेल न्हाई तर न्हाई, म्हणाली, सरपन तर हाय. माझे चकचकीत बूड एका दिवसात काळे झाले, ते आजतागायत. त्या दिवसापासून घड्याळात वीस मिनिटे झाल्याशिवाय सिस्टर माझे झाकण उघडेनात. मुले खोळंबली तर खोळंबली. आठ महिन्यांत एकशे अठ्ठ्याऐंशी मुलांना टोचले. सातव्या दिवशी सिस्टर प्रत्येकाच्या घरी जाऊन मांडी बघून आल्या. पू झाला एकाला.

इथपर्यंत जे कळले, ते एका वहीत होते आणि दोन बायकांच्या डोक्यात. ते पुढे न्यायचे होते. खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर सुमंत महिन्यातून एकदा भेटीला येत. सांगलीचे, हुशार, कष्टाळू आणि जरा घाबरट. सिस्टरांनी वही त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी ती उभ्याउभ्या वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

"सिस्टर, हे खरं आहे," ते म्हणाले. "म्हणूनच हे बाहेर जाता कामा नये."

त्यांनी कारणही सांगितले. मांडीत पू होतो, हे कळले की बायका मुलांना आणणार नाहीत. मग डांग्या खोकला, घटसर्प, गोवर येईल आणि एकवीसच्या जागी शंभर मुले आजारी पडतील. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, मित्रांनो. शेवटी असे ठरले की तालुक्याच्या नर्सबाईंच्या मासिक बैठकीत हे सांगावे, चार भिंतींच्या आत. गावात कुठे बोलू नये. आणि मेलेल्या मुलीचा विषय काढू नये.

बैठकीला मी पिशवीत बसून गेलो. कोपऱ्यात डॉक्टर सुमंत आणि समोर अकरा नर्सबाई होत्या. सगळ्यांत वडील चारुशीलाताई. संयोगिता सिस्टर नव्याने आल्या, तेव्हा बाळाच्या नाजूक मांडीत सुई कशी धरायची, हे त्यांनीच हात धरून शिकवले होते. सिस्टरांनी भाषण केले नाही. स्टोव्ह पेटवला, मला वर ठेवले आणि उकळी फुटल्यावर मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. म्हणाल्या, आता आपण सगळ्या बसू या.

सुरुवातीला कोणी हसले. पाचव्या मिनिटाला कुजबुज थांबली. आठव्या मिनिटाला एक बाई खिडकीशी जाऊन आली. अकराव्या मिनिटाला कोणी तरी विचारले, झाले ना? सिस्टर म्हणाल्या, अजून नऊ. खोलीत माझ्या खळखळण्याशिवाय आवाज उरला नाही. रोज तोंडाने म्हटली जाणारी वीस मिनिटे खरोखर किती लांब असतात, हे त्या बायका पहिल्यांदाच ऐकत होत्या. एकीने पदर तोंडाला लावला. त्या सगळ्यांना आपापल्या गावची रांग दिसत होती.

झाकण उघडल्यावर सिस्टरांनी वहीतले आकडे वाचले. वाचून होताच चारुशीलाताई उठल्या.

"तू एकटीच शहाणी का गं? राकेल आम्हाला किती मिळतं, ते तुला ठाऊक आहे. वर बसून आमच्या चुका मोजतेस?"

"ताई, मी माझ्या चुका मोजल्या," संयोगिता सिस्टर म्हणाल्या. "एक पोर माझ्या हातानं गेली. चार महिन्यांची होती. नोंदवहीत मी ताप लिहिलं."

डॉक्टर सुमंतांनी डोळे मिटले. चारुशीलाताई खाली बसल्या. कोणी काही विचारले नाही, कोणी काही कबूल केले नाही. पाणी थंड झाल्यावर मला पुन्हा पिशवीत भरले गेले.

चार भिंतींमधली गोष्ट चार भिंतींत राहिली नाही. आठ दिवसांत ती गावात पोचली, पण कशी? वही नाही, रांग नाही, वीस मिनिटे नाहीत. फक्त एवढेच की नर्सबाईच्या सुईने पोर मेले आणि बाईने स्वतः कबूल केले. पुढच्या टोचणीला चार मुले आली. त्याच्या पुढच्या महिन्यात एकही नाही. अंबूबाई वस्तीवर बोलवायला गेली, तर बायकांनी दारे लावून घेतली. मी चुलीवर वीस मिनिटे उकळत होतो आणि अंगणात कोणी नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझे काम निर्दोष होत होते आणि ते कोणाच्या उपयोगाचे नव्हते.

उन्हाळ्यात वस्तीवर गोवर आला.

लागण झालेली मुले मोजली, तेव्हा ती चौदा भरली. संयोगिता सिस्टर सकाळी जात आणि संध्याकाळी परतत. कोणी पाणी देत, कोणी अंगणातूनच परतवून लावत. अंगावरचे पुरळ उतरले की काही मुलांची छाती भरून येई. चार मुले गेली. त्यांतल्या तिघांची नावे सिस्टरांच्या यादीत होती, गोवराची लस द्यायची राहिली म्हणून. डॉक्टर सुमंत येऊन गेले. मी तुम्हाला सांगितले होते, असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते, असे सिस्टर अंबूबाईला म्हणाल्या. त्यांनी राजीनाम्याचा कागद लिहायला घेतला होता.

अंबूबाई चूल सारवत होती. हात न थांबवता ती बोलली.

"आवं, गावानं निम्मंच ऐकलं. मारल्यालं ऐकलं. कशानं मेली आनि आता काय केलंया, ते तुमच्या वहीतच ऱ्हायलं. ती वही आना की भायेर."

सिस्टरांनी कागद फाडला नाही. घडी घालून बाजूला ठेवला. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली की रविवारी मी गावाला सगळे सांगणार आहे. तुम्ही याल तर बरे, न याल तरी मी सांगणारच.

रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळापुढे तीन दगड मांडले गेले आणि त्यांवर मी. माणसे जमली, पण जरा दूरच उभी राहिली. डॉक्टर सुमंत आले आणि सर्वांच्या मागे थांबले. संयोगिता सिस्टरांनी काही झाकले नाही. पाण्यात आणि वापरलेल्या सुईवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते किती वेळाने मरतात, आठ पिचकाऱ्या आणि सव्वीस मुले, हे सगळे त्यांनी गावाच्याच बोलीत सांगितले. पहिल्या आठांत कोणालाच पू नाही आणि मागच्यांत सतरा, हेही सांगितले. मग चूल पेटवून वीस मिनिटे सगळ्यांना बसवले.

बसलेल्यांतून एक बाई उठली. तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. तिने त्याची चड्डी वर करून मांडीवरचा खोल वण दाखवला.

"ह्ये तुमच्यामुळं, व्हय?"

"व्हय," सिस्टर म्हणाल्या.

त्या एका शब्दावर काही माणसे उठून गेली. एका म्हाताऱ्याने काठी आपटली आणि असल्या बाईला गावात ठेवू नका, असे म्हणाला. डॉक्टर सुमंत पुढे आले. त्यांनी सांगितले की ही वही मी वाचली होती आणि गावाला सांगू नका, असे मीच सांगितले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एवढे बोलायला त्यांना केवढे बळ लागले असेल, हे मला जवळून दिसत होते.

मग केरबा बोलला. तो इतका वेळ देवळाच्या पायरीवर होता.

"माझी लेक गेली. ती काय मागारी येत न्हाई," तो म्हणाला. "पर सुई बंद करून त्या चार पोरांचं काय भलं झालं? बाई म्हनत्यात पानी वीस मिन्टं उकळाय पायजे. तर मग टोचायच्या दिवशी मी बसतो चुलीम्होरं. घड्याळ माझ्या हातात द्या. पानी उकळलं न्हाई तर मीच कुनाला आत सोडायचो न्हाई."

त्याला घड्याळ वाचता येत नव्हते. सिस्टरांनी तिथेच त्याला मोठा काटा दाखवला. इथून इथवर आला की वीस.

पुढच्या टोचणीला अकरा मुले आली. त्याच्या पुढे एकोणीस. केरबा मेंढरे घेऊन दूर गेला की त्याची बायको चुलीपाशी बसे. तिच्या तोंडावर कधी हसू आले नाही. पण ती माझ्या झाकणावरून नजर काढत नसे. दोन महिन्यांनी चारुशीलाताईंचा निरोप आला, चुलीचे माप पाठव आणि लाकूड किती लागते तेही. निरोपात आणखी काही नव्हते. अंबूबाईने सुतळीने माप घेतले आणि सुतळीच पाठवून दिली.

संयोगिता सिस्टरांवर चौकशी झाली. नोंदवहीत चुकीचे कारण लिहिले, एवढे त्यांनी मान्य केले आणि त्या शब्दाखाली खरे कारण लिहून सही केली. त्यांची बदली झाली नाही, बढतीही झाली नाही. वरच्या कचेरीतून सगळ्या केंद्रांना एक परिपत्रक मात्र गेले. त्यात एकच ओळ होती, की पिचकाऱ्या वीस मिनिटे उकळाव्यात. ती ओळ तर सर्वांना आधीपासून पाठ होती. रांगेबद्दल त्यात काही नव्हते. आठ पिचकाऱ्यांबद्दल नव्हते, रॉकेलबद्दल नव्हते.

१९९६ साली साताऱ्याला सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या नर्सबाईंचा मेळावा भरला. तिथे अर्धा तास बोलण्यासाठी संयोगिता सिस्टरांना बोलावणे आले. डॉक्टर सुमंतांनी त्यांचे नाव सुचवले होते. मी पुन्हा पिशवीत बसलो. एसटीत सिस्टरांनी मला मांडीवर धरले होते.

सभागृहात दीडशे बायका होत्या. सिस्टरांनी आकडे सांगितले, ती बैठक आणि नंतरचा गोवरही सांगितला, चुलीचे चित्र फळ्यावर काढले, केरबा आणि त्याची बायको चुलीपाशी कशी बसतात, ते सांगितले. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक तरुण नर्स उभी राहिली. तिला चिडून बोलायचे नव्हते. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"बाई, तुम्ही बैठकीत ते बोलला नसता, तर गोवराची ती चार मुलं वाचली असती ना?"

संयोगिता सिस्टरांनी टेबलाची कड धरली.

"कदाचित वाचली असती," त्या म्हणाल्या. "मी या प्रश्नापासून पळत नाही. मी आधी तुमच्यासारख्यांना सांगितलं आणि ज्यांची मुलं होती, त्यांना सांगायचं टाळलं. त्यांच्यापर्यंत नुसती भीती पोचली. दोघांना एकाच दिवशी सांगायला हवं होतं. हे मला चार मुलं गेल्यावर कळलं. तुम्हाला ते आज फुकट कळावं, म्हणून मी आले."

मग त्यांनी वही उघडून पाच नावे वाचली. बयाचे नाव पहिले. प्रत्येक नावापुढे वय सांगितले, कारण सांगितले.

वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हसवडकडच्या एक वयस्क नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी सांगितले की माझ्या गावात गेल्या पावसाळ्यात एक मुलगा गेला. मीही तापच लिहिले आहे. त्या बसल्या, तर दुसरी उठली. मग तिसरी. कोणी एक आकडा सांगितला, कोणी गावाचे नाव, कोणी नुसतीच उभी राहून रडली. फळ्याजवळ बसलेल्या एका बाईंनी खडू घेतला आणि त्या सगळे लिहू लागल्या. फळा भरला, तेव्हा त्यांनी चुलीचे चित्र पुसून जागा केली.

मित्रांनो, काही वर्षांनी एकदाच वापरायच्या पिचकाऱ्या आल्या आणि माझे काम संपले. आता मी उपकेंद्राच्या माळ्यावर जुन्या भित्तिपत्रकांखाली पडून आहे. माझी एक कडी निघाली आहे. मला त्याचे दुःख नाही. ज्या कामात मी मुलांचा जीव घेतला आणि जीव राखलाही, ते आता माझ्याविना चालते, हे चांगलेच आहे.

एवढेच सांगायचे आहे. तुमच्यापैकी कोणी नर्स होईल, कोणी डॉक्टर, कोणी मास्तर, कोणी पूल बांधणारा. कधी तरी तुमच्या हातून काही बिघडेल आणि ते का बिघडले, हे तुम्हाला उमगेल. तेव्हा ते वहीत कोंडून ठेवू नका. बरोबरीच्यांना सांगा आणि ज्यांच्या घरात ते बिघडले, त्यांनाही सांगा, त्यांच्या बोलीत, त्यांच्या अंगणात जाऊन, काहीही न गाळता. ऐकणारे रागावतील. काही उठून जातील. जे थांबतील, त्यांच्या हातात घड्याळ द्या.